बॉयलरवाल्यांचा कळवळा आणि वीजबिलाचा हिशेब

जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडात रेडिंगला राहणाऱ्या माझ्या मित्राचा गॅस बॉयलर, म्हणजे गॅस जाळून घर तापवणारं यंत्र, ऐन थंडीत बंद पडला. घरात लहान मूल, बाहेर शून्याच्या आसपास पारा. प्लंबरनं नवीन बॉयलरचा अंदाज पाठवला आणि म्हणाला, यात शंभरेक पौंड वाढलेत ते सरकारच्या ‘बॉयलर टॅक्स’मुळे, मला बोलू नका. मित्रानं सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. पुढचे दोन महिने ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत हेच चाललं होतं. एका बाजूचं म्हणणं, पर्यावरणाच्या नावाखाली सरकार गरिबाच्या चुलीवर कर लावतंय. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हा सगळा बॉयलर कंपन्यांच्या संघटनांनी उठवलेला धुरळा आहे, त्यांना सामान्य माणसाशी काही देणंघेणं नाही. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटातसुद्धा असेच दोन तट पडले.

मला हे दोन्ही तट चुकीचे वाटतात. हा वाद खरं कोण बोलतंय आणि खोटं कोण, असा नव्हताच. बॉयलरवाल्यांच्या मुख्य तक्रारीत तथ्य होतं. पण त्या तक्रारीतून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या सोयीचा होता. आणि ते तथ्य त्यांच्या हाती आयतं दिलं होतं ब्रिटिश सरकारनं, वर्षानुवर्षं विजेच्या बिलावर ओझं लादून. लॉबिंगला शिव्या घातल्यानं ते ओझं हलत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार आहे.

आधी तो ‘टॅक्स’ काय होता ते पाहू, कारण निम्मी लबाडी त्या शब्दातच आहे. ब्रिटनमधली ८० टक्क्यांहून जास्त घरं गॅसवर ऊब घेतात. गॅस जाळणं कमी करायचं तर बॉयलरऐवजी हीट पंप हवेत, म्हणजे विजेवर चालणारं, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र. एसी उलटा फिरवल्यासारखं समजा. सरकारनं बॉयलर उत्पादकांना सांगितलं, २०२४-२५ मध्ये तुमच्या विक्रीच्या ४ टक्के इतके हीट पंप बसले पाहिजेत. कमी पडतील तेवढ्या प्रत्येक पंपामागे ३,००० पौंड दंड. योजना एप्रिल २०२४ मध्ये सुरू होणार होती. कंपन्यांनी जानेवारीतच बॉयलरच्या किमती १२० पौंडांपर्यंत वाढवल्या आणि त्या वाढीला नाव पडलं ‘बॉयलर टॅक्स’.

आता पाटीवर एक गणित मांडा. ३,००० चे ४ टक्के किती? १२०. म्हणजे एखादी कंपनी प्रत्येक बॉयलरवर पूर्ण १२० पौंड वाढवत असेल, तर तिनं असं गृहीत धरलेलं असतं की वर्षभरात आपण एकही, अक्षरशः एकही हीट पंप विकणार नाही आणि सगळाच्या सगळा दंड भरणार. यातल्या मोठ्या कंपन्या, वूस्टर बॉश, वेलंट, हीट पंपही बनवतात आणि विकतात. मग हे कसलं गृहीतक? जो कर सरकारच्या तिजोरीत अजून जायचाच होता आणि पुढे कदाचित कधीच गेला नसता, तो ग्राहकाच्या खिशातून आधीच निघाला. मार्चमध्ये सरकारनं योजना वर्षभर पुढे ढकलली आणि कंपन्या वाढीव किमती मागे घेऊ लागल्या. एप्रिल २०२५ मध्ये ती आली तेव्हा लक्ष्य होतं ६ टक्के आणि पहिल्या वर्षाचा दंड फक्त ५०० पौंड. पुन्हा तेच गणित केलं तर प्रत्येक बॉयलरमागे जास्तीत जास्त ३० पौंड. चार महिन्यांच्या आरडाओरड्यातून हे साधलं. धंदा म्हणून पाहिलं तर कौतुकच करावं लागेल.

२०२३ च्या उन्हाळ्यात पत्रकारांनी आणखी एक गोष्ट उघडकीला आणली होती. गॅस क्षेत्रातल्या ‘एनर्जी अँड युटिलिटीज अलायन्स’ या व्यापारी संघटनेनं एक जनसंपर्क कंपनी नेमली होती आणि हीट पंपांविरुद्ध वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर शेकडो बातम्या येण्यामागे त्या मोहिमेचा हात होता. लोकांचा संताप जागवणं हे त्या कंपनीनं आपलं काम म्हणून मांडलं होतं. संघटनेचे प्रमुख माइक फॉस्टर हे मजूर पक्षाचे माजी खासदार, मतदारसंघ वूस्टर. योगायोग म्हणा, वूस्टर बॉश त्याच गावची.

हे वाचून पर्यावरणवाद्यांना वाटतं की वाद संपला. पण इथंच माझं त्यांच्याशी बिनसतं. बोलणाऱ्याला पैसे कोण देतं हे कळल्यानं तो बोलतोय ते खोटं ठरत नाही. व्यापारी संघटनेला सरकारपुढे आपलं म्हणणं मांडायचा पूर्ण हक्क आहे आणि अनेकदा तिच्याकडे असं ज्ञान असतं जे मंत्रालयातल्या अधिकाऱ्याकडे नसतं. जुन्या चाळवजा विटांच्या घरात पाइप किती जाड लागतील, रेडिएटर बदलावे लागतील का, बाहेर यंत्र ठेवायला जागा आहे का, हे फिटरला कळतं. लाखाहून जास्त माणसांची रोजीरोटी गॅसच्या कामावर आहे. हीट पंपाचा खर्च, सरकारचं ७,५०० पौंडांचं अनुदान धरूनही, अनेक घरांना बॉयलरपेक्षा जड जातो. शिवाय मागणी ग्राहकाच्या हातात असताना विक्रीचं लक्ष्य उत्पादकावर टाकणं हे थोडं विचित्र आहेच. आणि सर्वांत वजनदार मुद्दा म्हणजे महागडं यंत्र बसवूनही वर्षाचं बिल कमी होत नसेल तर ते कुणी का बसवावं?

या शेवटच्या प्रश्नाला ‘हवामान बदल’ हे उत्तर नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या म्हातारीला तुम्ही वितळणारे हिमनग दाखवून हजारो पौंड खर्चायला लावू शकत नाही.

या वादाच्या जवळ जाणारी एक गोष्ट आपल्या मुंबईत घडून गेली आहे. १८७० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्या वाढू लागल्या तशी इंग्लंडातल्या लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टर भागातल्या, गिरणीमालकांना चिंता लागली. भारतात येणाऱ्या त्यांच्या कापडावरची जकात काढा, ही मागणी होतीच. तिच्या जोडीला अचानक मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या लहान मुलांबद्दल त्यांना भलता कळवळा आला. भारतातही कारखाना कायदा हवा, मुलांचे तास कमी करा. ही पुतनामावशीची माया कुणाला कळत नव्हती? १८७५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी आपली संघटना काढली आणि उलट बाजू मांडली की असा कायदा झाला तर गिरण्या बसतील, गरीब कामगाराच्या तोंडचा घास जाईल. देशी वर्तमानपत्रांतली बरीच मंडळीही मालकांच्या बाजूनं उभी राहिली, कारण हा मँचेस्टरचा डाव आहे. तो डाव होताच, त्यात शंका नाही. तरीही सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेऊ नका, बारा वर्षांपर्यंतच्यांना नऊ तासांहून जास्त राबवू नका, हे १८८१ च्या कायद्यातलं कलम वाईट होतं का?

दोन व्यापारी संघटना, दोघींच्या ओठांवर गरीब, आणि खुद्द गरिबाला विचारणारं कुणी नाही. ते काम केलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी. फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवलं. त्यात ना लँकेशायरची भाषा होती ना मालकांची. रविवारची सुट्टी द्या, जेवायला अर्धा तास द्या, पगार वेळेवर द्या. अशा मागण्या होत्या, ज्या दोन्ही संघटनांच्या कळवळ्यात कुठंच नव्हत्या. रविवारची सुट्टी मालकांनी १८९० मध्ये मान्य केली.

ही गोष्ट इथं उगीच आणलेली नाही. गेल्या काही वर्षांत ब्रिटनच्या घरगुती ऊर्जेच्या वादात एका बाजूला गॅस आणि बॉयलरच्या संघटना आहेत, दुसऱ्या बाजूला हीट पंपवाल्यांची संघटना. ती काही संतांची दिंडी नाही. विजेवरचे अधिभार काढा असं ती म्हणते, कारण त्यानं तिचा माल खपतो. मात्र भाड्याच्या घरात प्रीपेड मीटरमध्ये दहा-दहा पौंड भरून राहणाऱ्या बाईची संघटना कुठं आहे? धर्मादाय संस्था तिच्या वतीनं बोलतात, पण त्यांचं बोलणं अनेकदा मदत मागण्यापाशी थांबतं. कराची रचना कशी असावी, या प्रश्नावर तिचा आवाज ऐकूच येत नाही.

आता त्या रचनेकडे येऊ. ब्रिटनमध्ये विजेचं एक युनिट गॅसच्या एका युनिटाच्या साधारण चौपट महाग आहे. ढोबळ आकडे घ्या, गॅस ६ पेन्स, वीज २५ पेन्स. बॉयलर जुना नसेल तर गॅसमधली ८५-९० टक्के उष्णता घराला मिळते, म्हणजे उबेचं एक युनिट ७ पेन्सच्या आसपास पडतं. नीट बसवलेला हीट पंप एका युनिट विजेतून तीन युनिट ऊब देतो, म्हणजे उबेचं युनिट ८ पेन्सहून थोडं जास्त. यंत्र तिप्पट हुशार, तरी बिल जास्त! का? एक कारण म्हणजे तिथल्या बाजारात विजेचा भाव बराच काळ गॅसच्या भावावर ठरत आला. पण दुसरं कारण सरळ सरकारी आहे. पवनचक्क्या, सौर पॅनेल, गरिबांची घरं थंडीपासून बंदिस्त करण्याच्या योजना, या सगळ्यांचा खर्च सरकारनं अंदाजपत्रकातून न करता वीजबिलावर अधिभार म्हणून चढवला. गॅसच्या बिलावर त्यातला फारच थोडा. म्हणजे लोकांनी गॅस सोडून विजेकडे यावं असं म्हणणाऱ्या सरकारनंच विजेच्या दारात टोलनाका उभा केला. बॉयलरवाल्यांच्या संघटनेला वेगळी जाहिरात करायची गरजच काय होती? लोकांच्या घरी दर महिन्याला येणारं बिल हीच त्यांची जाहिरात.

मग अधिभार विजेवरून काढून गॅसवर टाका, असा सोपा उपाय अनेक अभ्यासक सांगतात. अर्थशास्त्राच्या फळ्यावर तो बरोबर आहे. पण ब्रिटनमधला गरीब माणूस आजही बहुतेक करून गॅसच जाळतो आणि हीट पंप आधी घेणारा बहुतेक वेळा स्वतःच्या घराचा, बागेचा मालक असतो. त्याचं बिल हलकं करण्यासाठी पहिल्याचं जड करायचं? इथं बॉयलरवाले बोलतील ते मला मान्य करावं लागेल. चुलीवरच्या कराचा इंग्रजांना जुना अनुभव आहे. १६६२ मध्ये घरातल्या प्रत्येक चुलाण्यामागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. तो मोजायला माणसं घरात शिरायची म्हणून तो इतका बदनाम झाला की १६८९ मध्ये नवा राजा गादीवर येताच त्यानं लोकांना खूश करण्यासाठी तो रद्द केला. १९९३ मध्ये हुजूर पक्षाचे अर्थमंत्री नॉर्मन लॅमोंट यांनी घरगुती इंधनावर मूल्यवर्धित कर जाहीर केला, आधी ८ टक्के, मग १७.५. कारणांत पर्यावरणही होतं, रिओ परिषद नुकतीच झाली होती. गरिबांना भरपाई काय मिळणार हे मात्र तेव्हा धड सांगितलं नाही. त्याच वर्षी क्राइस्टचर्चच्या पोटनिवडणुकीत पक्षाची बालेकिल्ल्यासारखी जागा गेली, १९९४ च्या डिसेंबरात दुसरा टप्पा संसदेत पडला, आणि १९९७ मध्ये मजूर सरकारनं तो कर ५ टक्क्यांवर आणला. त्या घटकेपासून आजतागायत कुणाही अर्थमंत्र्याला त्याला हात लावायचा धीर झालेला नाही. एका घाईच्या करानं तीस वर्षांची वाट बंद झाली.

म्हणून माझं मत असं आहे की ते अधिभार गॅसवरही नकोत आणि विजेवरही नकोत, ते सर्वसाधारण करांतून भरावेत, जिथं जास्त मिळकतवाला जास्त भरतो. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी नूतनीकरणीय विजेच्या जुन्या अधिभारातला घरगुती ग्राहकांचा तीन-चतुर्थांश भार तीन वर्षांसाठी सरकारी तिजोरीवर घेतला. वरच्या गणितात विजेच्या युनिटमधून तीनएक पेन्स कमी करून पाहा, हीट पंप आणि बॉयलर जवळपास एका पातळीला येतात. हेच २०२३ मध्ये केलं असतं तर ‘बॉयलर टॅक्स’च्या ओरड्यात किती दम उरला असता? सरकारनं आधी दंडाचा बडगा उगारला आणि बिलाकडे नंतर पाहिलं. क्रम उलटा होता.

पण याचा अर्थ बॉयलर संघटनांना निर्दोष सोडावं असा नाही. त्यांच्या मालात एक वस्तू किमतीच्या यादीत कधीच दिसत नाही, ती म्हणजे दिरंगाई. हायड्रोजनचंच घ्या. वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की हीट पंपाची कटकट कशाला, उद्या याच पाइपांतून हायड्रोजन येईल, तुम्ही फक्त ‘हायड्रोजनला तयार’ बॉयलर घ्या. २०२३ मध्ये एल्समीर पोर्टजवळच्या व्हिटबीतला आणि रेडकारचा, असे दोन्ही नियोजित गाव-प्रयोग गुंडाळले गेले. एकीकडे रहिवाशांचा विरोध, दुसरीकडे पुरेशा हायड्रोजनचाच पत्ता नाही. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं वूस्टर बॉशच्या हायड्रोजनच्या दाव्यांची चौकशी केली. २० टक्के हायड्रोजनचं मिश्रण चालण्याची जी खुबी सांगितली जात होती, ती नव्वदच्या दशकापासून तिथल्या सगळ्याच बॉयलरांत असणं कायद्यानं बंधनकारक होतं. चहात पाणी असतं अशी जाहिरात करण्यासारखंच हे. कंपनीनं पुढे जाहिरातीची पद्धत बदलण्याची हमी दिली. या सगळ्यात गेलेल्या वर्षांत दरसाल पंधरा लाखांच्या आसपास गॅस बॉयलर बसत राहिले, आणि एक बॉयलर बसला की पुढची बारा-पंधरा वर्षं त्या घराचा प्रश्न मिटला.

‘आमच्या थंडीत हे यंत्र चालत नाही’ हा आक्षेप मी फार वेळ घेत नाही. नॉर्वे आणि स्वीडन इंग्लंडपेक्षा उबदार आहेत असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा फेब्रुवारीत जाऊन यावं. स्वीडननं १९९१ मध्ये कार्बन कर लावला, पण त्याच सुमारास मिळकतीवरचे कर कमी केले. लोकांना एका हातानं काय जातंय आणि दुसऱ्या हातानं काय येतंय ते दिसलं. तिथल्या घरांत उबेसाठी जळणारं तेल जवळपास हद्दपार झालं. २००५ मध्ये इंग्लंडनं कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरणारे, सक्तीचे केले तेव्हाही फिटर कुरकुरले होते, पाण्याची नळी गोठेल म्हणून. डिसेंबर २०१० मध्ये नळ्या खरोखर गोठल्या, हजारो घरांत. तक्रार खरी ठरली. म्हणून कुणी जुने बॉयलर परत मागितले का? नळी जाड केली, तिला आवरण घातलं, काम पुढे चाललं. आज तीच मंडळी त्याच कंडेन्सिंग बॉयलरची कार्यक्षमता अभिमानानं सांगतात.

हे सगळं वाचून पुण्या-मुंबईचा वाचक म्हणेल, आम्हाला काय त्याचं, आमच्याकडे हीटर लागतो तो महाबळेश्वरला. तर तुमच्या विजेच्या बिलावर ‘वीज शुल्क’ अशी ओळ शोधा. घरगुती ग्राहकाला १६ टक्के. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, या सगळ्यांच्या बेरजेवर. आणि पाइपनं येणाऱ्या गॅसवर? एप्रिल २०२२ पासून राज्याचा कर १३.५ वरून ३ टक्क्यांवर आला. निर्णय वाईट नव्हता. सीएनजीवर रिक्षा-टॅक्सी चालतात, त्यांचे चालक तेव्हा मेटाकुटीला आले होते आणि त्यांच्या संघटना आहेत, रस्त्यावर उतरू शकणाऱ्या. पण त्याचा परिणाम असा की स्वयंपाक गॅसवर केला तर राज्य ३ टक्के घेतं आणि इंडक्शनवर केला तर १६. ब्रिटनचाच टोलनाका, फक्त छोटा. इंडक्शनवर भाकरी नीट फुगत नाही, हा आईचा आक्षेप मला मान्य आहे. तो कराचा नाही, तव्याचा प्रश्न आहे.

वीजदर ठरताना आपल्याकडे एक चांगली पद्धत आहे. राज्य वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो, तिथं ‘प्रयास’ किंवा मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था आकडे घेऊन उभ्या राहतात, उद्योगांच्या संघटनाही येतात, सामान्य ग्राहकही बोलू शकतो. लोखंड्यांच्या निवेदनाचीच ही पुढची पिढी म्हणायला हरकत नाही. पण तिथं कुणी वीज शुल्काचा विषय काढला तर उपयोग नाही. तो दर आयोग ठरवत नाही, तो राज्याच्या कायद्यानं ठरतो, आणि अंदाजपत्रकाआधी विधानभवनात जनसुनावणी भरत नाही.